शेवटी ठेवलेला धडा

"मावशी, शरीर शेवटी का?"

शलाकाने विचारलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पुस्तकांच्या पसाऱ्यात बसले होते. मे महिन्याची दुपार. एका बाजूला सईचं पहिलीचं पुस्तक, मध्ये तन्मयचं पाचवीचं, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली शलाकाची आठवी-नववीची. येत्या वर्षात विज्ञानात काय आधी घ्यायचं आणि काय नंतर, हे सकाळपासून जुळवत होते. डोकं भणभणलं होतं.

"कारण त्याआधी थोडं रसायन यायला हवं," मी म्हटलं. "आम्ल म्हणजे काय ते माहीत नसताना पोटात अन्नाचं काय होतं ते कसं कळणार?"

"सईला कुठे आम्ल कळणार आहे? तिच्या पुस्तकात पहिल्याच पानावर नाक, कान, डोळे आहेत."

"यंदा सईचा क्रम वेगळा नाही ठेवायचा. तिघं एकत्र शिकणार आहात."

"पण तन्मयच्याही पुस्तकात ते आधीच आहे. माझ्याही. तू एकटीच शेवटी ठेवतेयस."

"शलाका, मी विचार करूनच ठेवलंय गं."

"बरं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

आम्ही तेव्हा घाटमाथ्यावरच्या एका धरणाच्या कॉलनीत राहत होतो. शिरीष, माझा नवरा, खालच्या वीजगृहात इंजिनिअर होता. धरणाचं काम चालू होतं तेव्हा कॉलनी भरलेली असायची. काम संपलं, माणसं बदल्या होऊन गेली, क्वार्टर्सना कुलपं लागली आणि मुलं उरली नाहीत म्हणून शाळाही बंद झाली. जवळची शाळा घाटाखालच्या गावात. एसटीचा भरवसा नाही, पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ताच बंद. मी लग्नाआधी बीएस्सी करून वर्ष-दोन वर्षं शिकवलं होतं. शिरीष म्हणाला, "तूच शिकव की घरी. मोठ्या परीक्षा बाहेरून देता येतात." मी हो म्हटलं. तेव्हा दोनच मुलं होती.

मग अक्का गेली. माझी थोरली बहीण. भावोजींची नोकरी मस्कतला, त्यांच्या घरी पोरीकडे बघणारं कुणी नाही. शलाकाला मी घेऊन आले. तेरा संपून चौदावं लागलं होतं तिला. उंच, हडकुळी, बोलण्यात नेमकी. आईच्या दिवसांतही तिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नाही. बायका म्हणाल्या, पोर दगडाची आहे. मला तसं वाटलं नाही, पण तिच्याशी काय बोलावं ते मलाही कळत नव्हतं. अक्काचा विषय निघाला की मी उठून कामाला लागायचे.

पहिलं वर्ष मी तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या. सकाळी सईला फुलांचे भाग, त्यानंतर तन्मयला साधी यंत्रं, जेवणानंतर शलाकाला गतीचे नियम. एकाला शिकवत असताना दुसरा मध्येच बोलायचा, तिसरी कंटाळून निघून जायची. दिवस मावळेपर्यंत माझा आवाज बसायचा आणि कुकर लावताना हात जड व्हायचे. म्हणून दुसऱ्या वर्षी ठरवलं की विषय एकच घ्यायचा आणि ज्याच्या त्याच्या खोलीपर्यंत न्यायचा. हवा म्हटलं की सईने फुगा फुगवायचा, तन्मयने हवेला वजन असतं ते काठीला दोन फुगे बांधून दाखवायचं आणि शलाकाने दाबाची गणितं सोडवायची. विहीर एकच, ज्याची जेवढी दोरी तेवढं पाणी.

क्रम लावायला मात्र जीव गेला. हवेआधी पाणी की पाण्याआधी हवा? उष्णता आली नाही तर वारा कसा समजावणार? वनस्पती पावसाळ्यातच घ्यायला हव्यात, तेव्हा दारात काय हवं ते उगवतं. आकाश हिवाळ्यात, कारण इथे दिवाळीपर्यंत ढगच हटत नाहीत. असं सगळं सरकवत सरकवत शरीर गेलं फेब्रुवारीत. मला ते अगदी सयुक्तिक वाटलं होतं.

वर्ष बरं सुरू झालं. पाणी शिकताना मी तिघांना सांगितलं, दिवसभरात आपण किती पाणी पितो ते मोजा. सईने तिच्या चिमुकल्या पेल्याने मोजलं आणि मध्येच विसरून गेली. तन्मयने बाटलीवर पट्टीने खुणा केल्या. संध्याकाळी बेरीज सांगायला बसलो, तर शलाकाचा आकडा शिरीषच्याही दुपटीच्या वर.

"काहीतरीच काय," तन्मय म्हणाला. "ताई हत्ती आहे का?"

सई खिदळली. मीही हसले. म्हटलं, "शलाका, मोजताना चुकलीस वाटतं."

"असेल," ती म्हणाली.

पुढचे महिने भराभर गेले, म्हणजे मुलांचे गेले. मी रोज थकत होते. सकाळी उठतानाच अंग आंबलेलं असायचं, डोकं जड. शिरीष म्हणायचा, "एक मुलगी वाढली घरात, त्यात ही शाळा. दमणारच तू." मलाही तेच वाटत होतं. डिसेंबरात प्रकाश झाला, आकाश झालं. जानेवारीत वीज घेतली आणि ती लांबवत नेली. शिरीष मुलांना वीजगृहात घेऊन गेला, टर्बाइन दाखवलं. परत आल्यावर तन्मयला चुंबकाचं वेड लागलं, तर म्हटलं चुंबकत्वही नीट होऊ दे. फेब्रुवारी अर्धा सरला तरी आमच्या टेबलावर तारा, बॅटऱ्या आणि खिळेच होते.

एकदा चहा घेताना शिरीष म्हणाला, "शरीर राहिलंय ना अजून?"

"घेते. चुंबक संपू दे."

"चुंबक संपलंय, कुंदा. तन्मय आता नुसता खिळे चिकटवत बसतो."

"मग खडक आणि माती घेऊ. तीही राहिलीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि बूट घालायला लागला.

त्या आठवड्यात पाण्याची लाइन फुटली. दोन दिवस नळाला पाणी नाही. टँकर येईपर्यंत घरातलं पाणी जपून वापरायला मी सगळ्यांना बजावलं आणि माठाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढत होते, तेवढ्यात सई धावत आली. तोंड रडवेलं.

"आई, ताईला पाणी दे ना."

"संध्याकाळी टँकर येईल. थोडी कळ काढायला सांग तिला."

"नाही. आत्ता दे. तिने पाणी नाही प्यायलं तर ती मरेल."

"कोण म्हणालं असं?"

"तीच म्हणाली. मी विचारलं, तू एवढं पाणी का पितेस, तर ती म्हणाली, न प्यायलं तर माझ्या आईसारखी मरेन. कुणाला सांगायचं नाही म्हणाली. पण आता पाणीच संपलंय ना!"

हातातले कपडे तसेच दोरीवर टाकून मी आत गेले. शलाका मागच्या पायरीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ सुकले होते. मी माठातलं पाणी काढलं, पेला तिच्या हातात दिला आणि शेजारी बसले. ती घटाघटा पाणी प्यायली.

"सई बोलली वाटतं," ती म्हणाली.

"हो."

समोरच्या बंद क्वार्टरच्या छपरावर माकडं बसली होती, त्यांच्याकडे ती बघत राहिली.

"आईच्या किडन्या गेल्या होत्या ना?" तिने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळे मला सांगतात, पोटाचा आजार होता. बाबाही. पण दवाखान्यात नर्सबाई दुसऱ्या बाईंना सांगत होत्या, ह्या पेशंटची आईही ह्यानेच गेली, घराण्यातच आहे, आनुवंशिक. आजीपण अशीच गेली ना मावशी?"

"हो."

"म्हणजे मग माझा नंबर."

"असं लगेच नसतं गं ते."

"मग कसं असतं?" आता तिचा आवाज चढला होता. "मला माहीत नाही म्हणूनच विचारतेय. पुस्तकात वाचलं, किडनी रक्त गाळते, त्याला पाणी लागतं. म्हणून मी पाणी पिते. बाकी काय करायचं ते पुस्तकात नाही. तू शरीर घेशील तेव्हा विचारीन म्हणून थांबले. मेमध्येच विचारलं होतं मी तुला, शेवटी का म्हणून. मग मी वाट बघितली. पाणी झालं, झाडं झाली, वीज झाली. आता तू माती घेणार म्हणतेस."

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, पण ती थोडी बाजूला सरकली. रागाने नव्हे, नीट ऐकता यावं म्हणून सरकावं तशी.

"शलाका," मी शेवटी म्हटलं, "मला पण तपासून घ्यायचंय. अक्का गेली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, धाकट्या बहिणीने सोनोग्राफी करून घ्यावी. अजून मी गेले नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिने सगळा विचार केला होता, एवढं एकच तिला सुचलं नव्हतं.

"तुलाही असेल?"

"असू शकतं."

"मग तन्मयला? सईला?"

"मला असेल तर त्यांनाही असू शकतं. नसेल तर नाही."

"काका काही म्हणत नाहीत?"

"म्हणायचा. आता म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष घाटाखाली गेला आणि मटणवाल्याकडून बोकडाचा गुर्दा, म्हणजे किडनी, घेऊन आला. त्याला मी फक्त म्हटलं होतं, "आज शरीर घेणार आहे." केळीच्या पानावर गुर्दा ठेवून मी तो टेबलाच्या मधोमध मांडला.

"घेवड्याच्या बीसारखा आहे," सई म्हणाली आणि बोट लावून पटकन मागे घेतलं. "गार आहे!"

सुरीने मी तो उभा चिरला. आतला फिका भाग, कडेचा गडद पट्टा. तन्मय नाक दाबून पुढे वाकला. चहाच्या गाळणीसारखं असेल तर चोथा कुठे राहतो, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, इथे उलट आहे, चोथा बाहेर जातो आणि कामाचं परत रक्तात येतं. हे त्याला पटेना. तो वाद घालत बसला आणि मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शलाका वहीत आकृती काढत होती.

मग मी सगळं सांगितलं, मला जसं कळत गेलं त्याच क्रमाने. की काही माणसांच्या गुर्द्यांवर पाण्याच्या गाठी धरतात, हळूहळू वाढतात, वर्षानुवर्षं कळतही नाही. की माझ्या आईला ते होतं. शलाकाच्या आईला होतं. की आईकडून मुलाला येतं किंवा येत नाही.

"किंवा म्हणजे?" तन्मयने विचारलं. "टॉससारखं?"

"टॉससारखंच. आणि प्रत्येकाचा टॉस वेगळा. एकाला आलं म्हणून दुसऱ्याला येईलच असं नाही, आणि एकाला नाही आलं म्हणून दुसरा सुटला असंही नाही."

"आणि पाणी?" शलाकाने वहीतून मान वर न करता विचारलं.

"पाणी तहानेपुरतं प्यावं. ढोसून गाठी थांबत नाहीत." हे म्हणताना मी जाणूनबुजून तिच्याकडे पाहिलं नाही. तिने आकृतीला नावं द्यायचं काम चालू ठेवलं, पण पेन्सिलीचं टोक मोडलं आणि टोकयंत्र शोधायला ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. सई तिच्यामागे जायला निघाली. मी तिला थांबवलं.

सोनोग्राफीसाठी आम्ही दोघी शहरात गेलो. तन्मय आणि सई शिरीषजवळ राहिले. पहाटेची एसटी, पुढे दुसरी गाडी, मग रिक्षा. शलाका सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. आधी तिला आत बोलावलं, मग मला. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बसवलं. त्या समजूतदार होत्या. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी आधी शलाकाचं सांगितलं. आत्ता तरी काही दिसत नाही. या वयात काही वेळा दिसत नाही, विशीनंतर पुन्हा एकदा बघावं लागेल, पण काळजी करण्यासारखं आज काही नाही. मग त्यांनी माझं सांगितलं. दोन्ही बाजूंना गाठी. रक्तदाब वाढलेला. डोकं जड असतं का, लवकर दमता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीन मुलांना घरी शिकवते. त्या म्हणाल्या, त्यानेही दमायला होतं. पण हे वेगळं.

गोळ्या सुरू केल्या, मीठ कमी करायला सांगितलं. योग्य काळजी घेतली तर बरीच वर्षं जातात, असंही त्या म्हणाल्या. मी मान हलवत होते. मनात वेगळंच जुळवत होते. शलाकाला आत्ता फक्त तिचं सांगू. माझं घरी गेल्यावर. आधी शिरीषला, मग मुलांची परीक्षा झाली की त्यांना. सईला तर इतक्यात नकोच.

बाहेर आले. शलाका बाकावर बसली होती, मांडीवर डबा घट्ट धरून. माझ्याकडे बघताच उभी राहिली.

"तुझं काही नाही," मी म्हटलं. "आत्ता काही नाही. मोठी झालीस की एकदा पुन्हा बघायचं, एवढंच."

तिने सुस्कारा वगैरे सोडला नाही. तशीच उभी राहिली.

"आणि तुझं?"

"घरी गेल्यावर बोलू. गाडी चुकेल."

"मावशी," ती म्हणाली, "आत्ता सांग."

मी बाकावर बसले. तिला शेजारी बसवलं आणि सांगितलं. गाठी, रक्तदाब, गोळ्या, मीठ. बाईंनी जसं सांगितलं तसं, काही गाळलं नाही. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, लहान मुलाचा होतो तसा, आणि ती रडायला लागली. अक्का गेल्यापासून पहिल्यांदा. डबा मांडीवरून घसरून खाली पडला, झाकण घरंगळत समोरच्या माणसाच्या पायाशी गेलं. त्याने ते उचलून दिलं आणि तोंड फिरवलं. मी तिला कुशीत घेतलं. या वेळी ती बाजूला सरकली नाही. आईबद्दल असेल, माझ्याबद्दल असेल, स्वतःच्या सुटकेचंही असेल. मी विचारलं नाही. आमची गाडी चुकली. पुढच्या गाडीने आलो.

हे झालं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शलाकाने विशीनंतर तपासून घेतलं, तिला काही नाही. तन्मयला आहे, सईला नाही. मी अजून गोळ्यांवर आहे.

त्या वेळी शहरातून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही टेबलाशी बसलो. शिरीषही कामावर उशिरा गेला. मी तन्मयला आणि सईला सांगितलं. तन्मय एकदम उठून अंगणात गेला आणि भिंतीवर चेंडू आपटत बसला. शिरीष त्याच्यामागे गेला. सईने माझ्या पोटाला हात लावून पाहिला.

"तू मरणार?"

"कधीतरी. पण लगेच नाही."

"कधीतरी म्हणजे कधी?"

शलाकाने सईची खुर्ची स्वतःकडे ओढली.

"ते आईला माहीत नाही, सई. मलापण नाही. डॉक्टरबाईंनाही नाही. पण बाकी जे माहीत आहे ना, ते सगळं मी सांगते. विचार तू."

"सगळं?"

"सगळं. मावशी, तू जा. पड जरा."

"अगं, धडा..."

"मी घेते."

मी उठले. आतल्या खोलीत जाऊन चष्मा काढला आणि अंथरुणावर आडवी झाले. भरदिवसा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाहेर सई एकामागून एक विचारत होती. हात लावला तर मला होईल का, गाठ दुखते का, आजीला मी कधीच का पाहिलं नाही. शलाका न थांबता उत्तरं देत होती, आणि जिथे येत नव्हतं तिथे "माहीत नाही" म्हणत होती. थोड्या वेळाने अंगणातला चेंडूचा आवाज थांबला आणि आणखी एक खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. त्यापुढचं मी काही ऐकलं नाही. मला झोप लागली होती.